कोलिफॉर्म मोजणारे मानक आणि न मोजलेले क्लोरीन

2025च्या फेब्रुवारीत, प्रयागराजचा महाकुंभ ऐन भरात असताना, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक अहवाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आला आणि ‘विष्ठाजन्य कोलिफॉर्म’ हा सूक्ष्मजीवशास्त्रातला रूक्ष शब्द काही दिवस घराघरांत ऐकू येऊ लागला. स्नानाच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे 2,500 ही त्याची कमाल मर्यादा. ती निरनिराळ्या ठिकाणी ओलांडली गेल्याचे मंडळाचे म्हणणे होते. राज्य सरकारने ते फेटाळले. मग दूरचित्रवाणीवर एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला आकडा असा नेहमीचा सामना रंगला. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनी न बोलता मान्य केली होती: आकडा खाली आला की पाणी शुद्ध झाले.

माझे भांडण या गृहीतकाशी आहे. कोलिफॉर्मचा आकडा खाली आणण्यासाठी पाणी शुद्ध करावेच लागते असे नाही. अर्धवट प्रक्रिया झालेल्या मैलापाण्यात भरपूर सोडियम हायपोक्लोराइट ओतले आणि अर्धा तास थांबले, तरी तो आकडा खाली येतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये तशीच राहतात, अमोनिया तसाच राहतो, औषधांचे अंश तसेच राहतात. त्यांत आता क्लोरीनने घडवलेल्या नव्या संयुगांची भर पडते. प्रयागराजला असे घडले, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप आपल्या राष्ट्रीय मानकावर आहे. ते मेलेल्या जंतूंची नोंद घेते. ते मारण्यासाठी काय वापरले, त्यातले किती नदीत गेले आणि त्यापासून काय तयार झाले, यांविषयी जवळजवळ मौन बाळगते.

विद्यार्थी वाचकांसाठी थोडे रसायनशास्त्र आणि थोडे अंकगणित. क्लोरीन वायू पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतुनाशक म्हणून ज्याची ख्याती आहे ते हेच. पण मैलापाण्यात त्याची गाठ जंतूंच्या आधी अमोनियाशी पडते. मानवी मूत्रातील युरियाचे विघटन होऊन तो तेथे विपुल प्रमाणात असतो. हायपोक्लोरस आम्ल आणि अमोनिया यांची अभिक्रिया अत्यंत वेगवान आहे. तिच्यातून मोनोक्लोरामीन नावाचे संयुग बनते. तेही जंतुनाशक आहे, परंतु मंद. जिवाणूंवर त्याचा प्रभाव बरा पडतो. विषाणू मारण्यासाठी मात्र मुक्त क्लोरीनच्या तुलनेत मात्रा आणि वेळ यांचा गुणाकार शेकडो पट लागतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीच्या कवचधारी अवस्थेला तर मुक्त क्लोरीनही फारसे काही करू शकत नाही. 1993 साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे 4 लाख माणसे याच परजीवीने आजारी पडली, तीही क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यातून. म्हणजे कोलिफॉर्म हे मुळात निदर्शक जीव, आणि आपण निर्जंतुकीकरणासाठी जे रसायन निवडले आहे त्यापुढे हा निदर्शकच सर्वांत आधी मान टाकतो. ज्या रोगकारकांची वर्दी त्याने द्यायची, ते मागे जिवंत राहू शकतात.

सर्व अमोनिया नष्ट करून मुक्त क्लोरीन शिल्लक ठेवायचे असेल, तर अमोनियारूपी नायट्रोजनच्या प्रत्येक 1 मिलिग्रॅममागे तत्त्वतः 7.6 मिलिग्रॅम क्लोरीन लागते. ज्या प्रकल्पात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारा टप्पा नाही, त्याच्या प्रक्रियोत्तर पाण्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असणे मुळीच असामान्य नाही. गुणाकार करा: 152 मिलिग्रॅम. प्रत्यक्षात दिली जाणारी मात्रा 5 ते 10 मिलिग्रॅमच्या आसपास असते. दररोज 10 कोटी लिटर पाणी हाताळणाऱ्या प्रकल्पाला 10 मिलिग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला 1 टन क्लोरीन पुरते. अमोनिया पूर्ण संपवायचा तर 15 टन लागेल. तेवढे कोणी देत नाही, देऊही नये. तेव्हा कागदावर ज्याला ‘क्लोरिनीकरण’ म्हटले जाते, ते अशा प्रकल्पांत वस्तुतः क्लोरामीनीकरण असते. यमुना कृती योजनेपासून उत्तर भारतात उभ्या राहिलेल्या विनॉक्सी संयंत्रांच्या बाबतीत हे अधिकच खरे. विनॉक्सी प्रक्रिया वीज वाचवते, बायोगॅस देते. अमोनिया मात्र काढत नाही. शिवाय तिच्यातून सल्फाइड बाहेर पडते आणि तेही क्लोरीन खाऊन टाकते.

हाच अमोनिया नदीच्या खालच्या टप्प्यात पुन्हा भेटतो. दिल्लीत दर हिवाळ्यात यमुनेतील अमोनिया वाढला, वझिराबाद आणि चंद्रावल येथील जलशुद्धीकरण घटले, शहराच्या अमुक भागांत पाणी कमी दाबाने येईल, अशी बातमी येते. ती वाचताना आपण हरियाणा आणि दिल्ली यांच्या राजकीय कलहाकडे पाहतो. त्या बातमीचा रासायनिक अर्थ असा की, वरच्या गावाने सांडपाण्यात सोडलेला अमोनिया खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनची मागणी वाढवतो. दिल्लीच्या खाली वसलेल्या आग्र्याने तर यमुनेला कंटाळून सुमारे 130 किलोमीटर लांबीच्या नलिकेतून गंगेचे पाणी आणले.

आता उपपदार्थांकडे येऊ. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या जलपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक या रसायनज्ञाने दाखवून दिले की, नदीच्या पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनयुक्त भावंडे तयार होतात. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनीही तेच नोंदवले. ट्रायहॅलोमिथेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चार संयुगांपासून सुरू झालेली यादी आज 700 च्या पुढे गेली आहे. तरीही क्लोरीन दिलेल्या पाण्यात सेंद्रिय रेणूंना जोडला गेलेला जो हॅलोजन एकत्रितपणे मोजता येतो, त्याचा मोठा हिस्सा कोणत्या संयुगांत आहे हे अजून उलगडलेले नाही. हे सारे मुख्यतः पिण्याच्या पाण्याच्या अभ्यासातून आलेले ज्ञान आहे. मैलापाण्यात कच्चा माल कितीतरी अधिक वैविध्यपूर्ण असतो: जिवाणूंनी स्रवलेली प्रथिने, युरिक आम्ल, डिटर्जंट, केसांचे रंग, वेदनाशामके, प्रतिजैविके. (जलतरण तलावावर नाकात चढणारा जो वास आपण ‘क्लोरीनचा’ म्हणून स्वच्छतेची खूण मानतो, तो बहुतांशी पोहणाऱ्यांच्या घामामूत्रापासून बनलेल्या ट्रायक्लोरामीनचा असतो. वासावर विसंबण्याच्या याच सवयीतून 2020च्या मार्चमध्ये बरेलीला परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइट फवारले गेले.)

एक प्रामाणिक नोंद येथे करायला हवी. अमोनियायुक्त मैलापाण्यात मोनोक्लोरामीन बनत असल्याने ट्रायहॅलोमिथेन तुलनेने कमीच तयार होतात. काही अभियंते हे सांगून विषय मिटवतात. मिटत नाही, तो दुसरीकडे सरकतो. क्लोरामीन आणि काही विशिष्ट अमीन यांच्या संयोगातून एन-नायट्रोसोडायमिथिलअमीन, संक्षेपाने एनडीएमए, तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘मानवात बहुधा कर्कजनक’ या वर्गात ठेवले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे त्याचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे 100 नॅनोग्रॅम आहे. कॅलिफोर्निया 10 नॅनोग्रॅमलाच सावध होते. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे नाव ओळखीचे वाटत असेल तर त्याचे कारण रॅनिटिडीन. पित्तावरच्या या लोकप्रिय गोळीत 2019 मध्ये एनडीएमए आढळले. 2020 मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढली आणि 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ती वगळली गेली. गोळीची कथा तेथे संपली असे वर्तमानपत्रांना वाटले. परंतु त्याआधीच पाण्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले होते की, क्लोरामीनशी गाठ पडल्यावर रॅनिटिडीनच्या रेणूंचा फार मोठा हिस्सा एनडीएमएमध्ये बदलू शकतो. इतर बहुतेक अमीनांच्या बाबतीत हे प्रमाण काही टक्क्यांपलीकडे जात नाही. घेतलेल्या मात्रेचा काही भाग जसाच्या तसा मूत्रावाटे बाहेर पडतो. पुढे तो मलनिस्सारण प्रकल्पात पोहोचतो आणि तेथे क्लोरीनची टाकी त्याची वाट पाहत असते.

सांडपाणी केवळ समुद्रात वाहून जात होते तोवर या नॅनोग्रॅमांचा बाऊ कशाला, असे म्हणता आले असते. आता आपण पुनर्वापराच्या युगात आहोत. 2018 पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या तलावांत सोडले जाते, आणि भूजल वाढावे हाच त्याचा हेतू आहे. दुष्काळी जिल्ह्याला पाणी मिळाले याचा आनंद मलाही आहे. पण कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीचा अनुभव समोर ठेवावा लागतो. तेथे प्रगत प्रक्रिया केलेले सांडपाणी भूजलात सोडण्याचा प्रयोग 1970च्या दशकात सुरू झाला आणि 2000 साली त्या परिसरातील पिण्याच्या विहिरींत एनडीएमए सापडले. विहिरी बंद कराव्या लागल्या. हा रेणू इतका लहान आणि विद्युतभाररहित आहे की, रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पटलातूनही त्यातला बराच भाग निसटतो. अखेर तेथे अतिनील किरणांचा तीव्र मारा करणारा टप्पा जोडला गेला. त्यांना हे कळले, कारण ते मोजत होते.

आणि आता नदी. अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे काम झाल्यावर पाण्यात उरलेले क्लोरीन आणि क्लोरामीन, याविषयी पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण विसर्ग मानकात एक जुनी मर्यादा आहे: लिटरमागे 1 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1984 मध्ये गोड्या पाण्यातील जीवांसाठी ठरवलेले निकष पाहा: अल्पकालीन संपर्कासाठी 19 मायक्रोग्रॅम आणि दीर्घकालीन संपर्कासाठी 11 मायक्रोग्रॅम. आपले 1 मिलिग्रॅम म्हणजे 1,000 मायक्रोग्रॅम. एक आकडा विसर्गाचा आणि दुसरा प्रत्यक्ष नदीतल्या पाण्याचा, त्यामुळे सरळ भागाकार करू नये, ही हरकत मला मान्य आहे. विसर्ग नदीत मिसळून पातळ होतो, या विश्वासावर विसर्गाची मर्यादा सैल असते. प्रश्न असा की, पावसाळ्याव्यतिरिक्तच्या दिवसांत वझिराबादखालच्या यमुनेत पातळ करणारे पाणी आहे कोठे? तेथे वाहते ते बव्हंशी नाल्यांचे आणि प्रकल्पांचेच पाणी. देशातील कितीतरी लहान नद्यांची उन्हाळ्यात हीच स्थिती असते. मोनोक्लोरामीन मुक्त क्लोरीनपेक्षा अधिक काळ टिकते, माशांच्या कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडवते. घरी मत्स्यपेटी ठेवणारा मुलगाही पाणी बदलताना ‘अँटी-क्लोरीन’चे थेंब टाकायला विसरत नाही. नदीसाठी ते थेंब टाकण्याची व्यवस्था, सोडियम बायसल्फाइट किंवा सल्फर डायऑक्साइड देऊन विक्लोरिनीकरण करण्याची, जगात अनेक दशकांपासून रुळलेली आहे. आपल्या सांडपाणी मानकाला तिची आठवण नाही.

या सर्वावर हमखास मिळणारे उत्तर मला पाठ आहे. ‘ज्या देशात आजही विषमज्वर आणि कॉलरा आहे, तेथे नॅनोग्रॅमची चर्चा ही चैन आहे. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये.’ संघटना तसे सांगते हे खरे आहे, आणि मला ते पूर्णतः मान्य आहे. परंतु ते सांगणे पिण्याच्या पाण्याविषयी आहे. नळाच्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक असावेच लागते, कारण केंद्रापासून घरापर्यंतच्या गळक्या नळांत पाणी पुन्हा दूषित होऊ शकते. सांडपाणी प्रकल्पाच्या तोंडाशी उरलेल्या क्लोरीनला असे कोणतेही काम नाही. त्यातून नदीचे नुकसानच होते. पिण्याच्या पाण्यासाठीचा युक्तिवाद उचलून सांडपाण्याला चिकटवणे हा आळस आहे. या वादात पेरूचे उदाहरणही नेहमी पुढे केले जाते: 1991 मध्ये तेथे उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन बंद केले आणि कॉलऱ्याची साथ आली. नंतरच्या चिकित्सक अभ्यासात ही कथा टिकली नाही. जलव्यवस्थेची दीर्घकालीन दुर्दशा हेच तेथील खरे कारण होते. उदाहरण द्यायचे तर निदान खरे द्यावे.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. केंद्रीय मंडळाच्या 2021च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागांत दररोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 20,235 दशलक्ष लिटरवर. उरलेले बावन्न हजार तसेच वाहत असताना वीस हजारांच्या शेपटीतील रसायनांवर इतके शब्द का खर्चायचे? कारण उरलेल्या पाण्यासाठीचे प्रकल्प आत्ता बांधले जात आहेत. मुंबईतच एकूण 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रे उभी राहत आहेत. आणि किनारी शहरांच्या गटारांत खारे पाणी शिरले की त्यासोबत येणाऱ्या ब्रोमाइडमुळे क्लोरीनपासून ब्रोमीनयुक्त, अधिक विषारी उपपदार्थ बनतात. गंगेकाठचे करार तर बांधकामासह 15 वर्षांच्या देखभालीचे आहेत. करारात जे मोजायचे ठरले, तेवढेच ठेकेदार 15 वर्षे मोजणार.

म्हणूनच मानकाचा इतिहास मला अस्वस्थ करतो. 2015च्या मसुद्यात अमोनिया-नायट्रोजनसाठी 5 मिलिग्रॅम आणि एकूण नायट्रोजनसाठी 10 मिलिग्रॅम अशा मर्यादा होत्या. ऑक्टोबर 2017च्या अंतिम अधिसूचनेत दोन्ही नाहीशा झाल्या; सामू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी, तरंगते घनपदार्थ आणि कोलिफॉर्म एवढेच उरले. 2019 मध्ये हरित न्यायाधिकरणाने एकूण नायट्रोजनची 10 मिलिग्रॅमची मर्यादा पुन्हा मांडली आणि कोलिफॉर्मसाठी 230 हा कितीतरी कडक आकडा सांगितला. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या यादीतही अवशिष्ट क्लोरीन नाही. अमोनिया मोकळा सोडून केवळ कोलिफॉर्मचा फास आवळला, तर प्रकल्प चालवणाऱ्याच्या हाती सर्वांत स्वस्त उपाय एकच राहतो: मात्रा वाढवणे. तो माणूस दुष्ट नाही. आपण त्याला तसेच सांगितले आहे.

हे मोजणे भारतात अशक्य आहे, ही सबबही चालणार नाही. सेंद्रिय रेणूंना चिकटलेला हॅलोजन एकत्रितपणे मोजणारी एओएक्स ही कसोटी आपल्याच नियामकांनी कागद कारखान्यांना लावली आहे. 2003 पासून त्यांना टप्प्याटप्प्याने उत्पादनाच्या टनामागे 1 किलोग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितले गेले. लगदा पांढरा करताना क्लोरीनने काय घडते हे ज्या राज्यसंस्थेला ठाऊक आहे, तिला मैलापाण्यात काय घडते हे ठाऊक नसावे?

पर्यायांविषयी मी भाबडा नाही. अतिनील दिव्यांना वीज लागते, त्यांच्यावर थर बसतो, गढूळ पाण्यात ते निकामी ठरतात. ओझोनचेही स्वतःचे उपपदार्थ आहेत. मोकळी जमीन असलेल्या लहान गावांत ऊन, वेळ आणि शैवाल यांच्या बळावर चालणारी परिपक्वन तळी आजही उत्तम काम करतील, पण महानगरांत तेवढी जमीन मिळणार नाही. तरीही क्रम स्पष्ट आहे: आधी अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये काढा, म्हणजे जंतुनाशक कोणतेही असो, थोडके पुरेल, क्लोरीनच वापरायचे असेल तर उरलेले नदीत जाण्यापूर्वी नष्ट करा, आणि जेथे पाणी भूजलात मुरवायचे आहे, तेथे एनडीएमए मोजल्याशिवाय मुरवू नका. अशा लेखांचा आधार घेऊन ‘नळाच्या पाण्यातील क्लोरीनने कर्करोग’ असे संदेश पसरवणाऱ्यांना आणि त्यामागोमाग घरगुती यंत्रे विकणाऱ्यांना मात्र माझ्याकडून काही मिळणार नाही. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी प्या.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक सुचवतो. डीपीडी नावाच्या अभिकर्मकाचा संच स्वस्तात मिळतो. मुक्त क्लोरीन असेल तर पाणी लगेच गुलाबी होते. त्यात पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर रंग आणखी गडद झाला, तर ती वाढ क्लोरामीनची. आपल्या शहरातील प्रकल्पाच्या विसर्गमुखापाशी, परवानगी घेऊन आणि हातमोजे घालून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हे दोन आकडे नोंदवा. मग माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा की, या मुखापाशी अवशिष्ट क्लोरीन शेवटचे कधी मोजले गेले होते आणि ते किती होते.